रबर मिश्रणे, संश्लेषित
दोन किंवा अधिक रबरे, ज्यांपैकी किमान एक संश्लेषित (कृत्रिम रीत्या तयार केलेले) आहे, एकत्र मळून तयार केलेल्या पदार्थास संश्लेषित रबर मिश्रण म्हणतात. कोणत्याही एका रबरात सर्व इष्ट गुणधर्म एकवटलेले नसतात, म्हणून अशी मिश्रणे करावी लागतात. उदा., पॉलिब्युटाडाइन रबर झिजेला उत्तम रोध करते व थंडीतही लवचिक राहते. परंतु ओल्या रस्त्यावर त्याची पकड अपुरी पडते. स्टायरीन–ब्युटाडाइन रबराची पकड अधिक चांगली असते. म्हणून मोटारगाडीच्या टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरात ही दोन्ही रबरे एकत्र वापरतात.

गुणधर्म : बहुतेक रबरे एकमेकांत विरघळत नाहीत. मळल्यानंतर पदार्थ डोळ्यांना एकजिनसी दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली एका रबराच्या सलग माध्यमात दुसऱ्याचे बारीक कण विखुरलेले आढळतात. काजळी व इतर पूरक द्रव्येही दोहोंत सारखी वाटली जात नाहीत. नैसर्गिक रबर व पॉलिब्युटाडाइन यांच्या मिश्रणात काजळी पॉलिब्युटाडाइनकडे अधिक ओढली जाते. त्यामुळे मिश्रणाचे गुणधर्म केवळ घटकांच्या प्रमाणावर नव्हे, तर मळण्याच्या क्रमावर व कणांच्या आकारमानावरही अवलंबून असतात.

आडबंध : कच्च्या रबरातील लांब रेणुसाखळ्या ताणल्यावर एकमेकींवरून घसरतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणाच्या क्रियेत रबर गंधकाबरोबर तापविल्याने या साखळ्यांमध्ये आडबंध निर्माण होतात व त्यांचे त्रिमितीय जाळे बनते. आडबंधांची संख्या वाढेल तसा कठीणपणा वाढतो व तुटेपर्यंतचे ताणले जाणे कमी होते. ताणबल मात्र एका मर्यादेपर्यंत वाढून पुढे घटते.

मिश्रणात हे बंध दोन्ही रबरांत व त्यांच्या सीमेवरही पुरेसे निर्माण होणे आवश्यक असते. एथिलीन–प्रोपिलीन–डाइन रबराच्या मुख्य साखळीत द्विबंध नसल्याने ते ओझोनाने तडकत नाही. म्हणून टायरच्या बाजूच्या भिंतीसाठी ते नैसर्गिक रबरात मिसळण्याचे प्रयत्न झाले. परंतु त्याच्या उपशाखांतील द्विबंध थोडे असल्याने गंधक व प्रवेगक (व्हल्कनीकरणाचा वेग वाढविणारी द्रव्ये) अधिक द्विबंध असलेल्या नैसर्गिक रबरात जाऊन तेथेच खर्ची पडतात. परिणामी एक घटक अतिपक्व व दुसरा अपक्व राहतो आणि वारंवार वाकविले असता सीमेवरून तडे जातात. रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या टायरमध्ये असा दोष जीवघेणा ठरू शकतो. योग्य प्रवेगकांची निवड, अधिक डाइनयुक्त प्रकार किंवा एका घटकात रासायनिक बदल हे त्यावरील उपाय होत. ब्युटिल रबराबाबतही अशीच अडचण येते. त्यात क्लोरीन वा ब्रोमीन घातल्यावर ते नैसर्गिक रबराबरोबर पक्व होऊ शकते. नळीरहित टायरच्या हवा कोंडणाऱ्या आतील अस्तरात अशी रबरे वापरतात.

आडबंधांमुळे टिकाऊपणा येतो, पण तेच बंध जुने टायर पुन्हा वितळवून वापरण्यास आडवे येतात. काही वस्तूंपुरता यावर एक मार्ग निघाला आहे. वितळलेल्या पॉलिप्रोपिलिनात एथिलीन–प्रोपिलीन–डाइन रबर मळत असतानाच त्याचे व्हल्कनीकरण केले, तर रबराचे सूक्ष्म पक्व कण प्लॅस्टिकात विखुरतात. सँटोप्रीन या व्यापारी नावाने १९८१ मध्ये बाजारात आलेला हा पदार्थ रबरासारखा लवचिक असूनही प्लॅस्टिकाप्रमाणे पुन्हा वितळविता येतो.