लेखनमर्यादेचा हिशेब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंतर्जालावर लिहिताना मजकूर ठरीव मर्यादेबाहेर गेला आणि यंत्राने तो नाकारला, की मराठी लेखक त्याचा दोष कधी आपल्या लिपीस, तर कधी स्वतःच्या पाल्हाळास देऊन मोकळा होतो. परंतु या मर्यादा कोठून आल्या आणि त्यांची मोजदाद कशी होते, हे पाहिले असता यांपैकी पुष्कळ समजुती निराधार ठरतात.

गैरसमज : यंत्र शब्द किंवा डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजते.

वस्तुस्थिती : काही ठिकाणी शब्दांची मर्यादा असते हे खरे; पण जेथे ती अक्षरांची म्हणून सांगितली जाते, तेथे बहुधा युनिकोड या जागतिक संकेतातील चिन्हे मोजली जातात, आणि त्या संकेतात प्रत्येक व्यंजनाची, काना-वेलांटीची, इतकेच नव्हे तर जोडाक्षर साधणाऱ्या हलन्ताचीही स्वतंत्र नोंद होत असल्यामुळे, ‘स्त्री’ हे एकच अक्षर सहा चिन्हांचे आणि ‘महाराष्ट्र’ हा चार अक्षरांचा शब्द दहा चिन्हांचा भरतो.

गैरसमज : देवनागरीस जागा अधिक लागते, सबब रोमन लिपीत मराठी लिहिणे किफायतशीर.

वस्तुस्थिती : ‘महाराष्ट्र’ हेच नाव रोमन लिपीत लिहिल्यास अकरा अक्षरे खर्ची पडतात, कारण देवनागरी व्यंजनात अंतर्भूत असलेला ‘अ’ तेथे दरवेळी वेगळा लिहावा लागतो. ट्विटरने 2017 साली मर्यादा वाढविली तेव्हा चिनी, जपानी व कोरियन लिपींतील प्रत्येक अक्षर दोन धरण्याचा नियम केला. देवनागरीचे चिन्ह मात्र रोमन अक्षराप्रमाणे एकच धरले. खरा तोटा होतो तो मोबाइलवरील एसएमएसमध्ये : त्याची क्षमता 140 बाइटांची असून, रोमन अक्षरास सात बिट पुरत असल्याने अशी 160 अक्षरे त्यात मावतात, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सामान्यतः सोळा बिट लागत असल्याने केवळ 70 चिन्हे.

गैरसमज : ट्विटरची 140 अक्षरांची मूळ मर्यादा वाचकाच्या एकाग्रतेचा अभ्यास करून ठरविली होती.

वस्तुस्थिती : 2006 साली सुरू झालेली ही सेवा एसएमएसच्या आधारे चालावी अशी योजना होती; म्हणून 160 पैकी 20 अक्षरे लिहिणाराच्या नावासाठी राखून उरलेली 140 मजकुरास दिली गेली. पुढे ते बंधन गैरलागू झाल्यावर मर्यादा 280 झाली. यावरून असे आकडे साधनांच्या सोयीने ठरतात व बदलताही येतात, हे उघड आहे.

म्हणून मराठी स्पर्धांचे संयोजक, संपादक आणि संगणकतज्ज्ञ यांना आग्रहाची विनंती अशी, की मर्यादा जाहीर करतानाच ती शब्दांची, अक्षरांची की चिन्हांची, याचा स्पष्ट खुलासा करावा, आणि शक्य तेथे वाचकास दिसते ते अक्षरच एकक मानावे. लेखकांनीही काटछाट करावयाची ती पुनरुक्तीची करावी; चार चिन्हे वाचविण्यासाठी शुद्धलेखनाचा बळी देऊ नये.