मोटारीच्या हवेच्या नळींतील चक्री व इंधनाची बचत

आपल्या सभासदांपैकीं अनेकांच्या दारीं आज मोटार अथवा जीपगाडी आहे. गाडीच्या हवेच्या नळींत पत्र्याची एक चक्री बसविली असतां हवेस भोंवरा मिळतो, इंधन पूर्ण जळतें, शक्ति वाढते व पेट्रोल वांचतें, अशी जाहिरात वारंवार दृष्टीस पडते. तींत तथ्य किती, हें पाहूं.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हल्लींच्या गाड्यांत हें प्रमाण विद्युत्-नियंत्रक सांभाळतो. धुराच्या नळींतील प्राणवायु मोजून तो क्षणोक्षणीं पेट्रोल कमीजास्त करतो. सुस्थितींतील एंजिनांत जवळजवळ सर्व इंधन जळतेंच. न जळलेला अंश शेंकडा पांचांहूनही कमी असतो. मग चक्री शेंकडा वीस बचत आणणार कोठून? खरा नाश होतो तो धुराबरोबर व रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेचा, आणि त्यावर चक्रीचा इलाज नाहीं.

दुसरें असें कीं, चक्रीनें दिलेला भोंवरा पुढील झडपेवर व नळीच्या वळणांवर मोडून जातो. पाटाच्या तोंडाशीं काटक्यांची जुडी रोंवली तर पाणी गिरक्या घेईल खरें, परंतु शेवटच्या वाफ्यास तें अधिक मिळणार नाहीं; उलट पाट तुंबेल.

प्रत्यक्ष परीक्षाही झाल्या आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेनें इंधन वांचविणारीं म्हणून विकलीं जाणारीं शंभरांहून अधिक उपकरणें तपासलीं. त्यांपैकीं थोड्यांनीं किंचित् लाभ दाखविला. भरीव बचत कोणींच दाखविली नाहीं. 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकानें २००५ सालीं भोंवरा देणारीं दोन उपकरणें बसवून पाहिलीं, तों एंजिनाची कमाल शक्ति १० अश्वशक्तीहून अधिक घटली.

हवा मोकळी जावी म्हणून विरळ गाळणी बसविण्याचीही चाल आहे. परंतु नेहमींच्या वेगांत पेट्रोल गाडीची झडप अर्धवट मिटलेलीच असते. तिच्यामागील वाट रुंद करून उपयोग काय? अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं असें दाखविलें कीं, तुंबलेली गाळणी बदलल्यानें नव्या पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाची बचत होत नाहीं. वेग मात्र शेंकडा ६ ते ११ कमी काळांत वाढतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडींत शेंकडा २ ते ६ बचत आढळली. म्हणजे स्वच्छ गाळणी हितकारकच. विरळ गाळणी तशी नव्हे. आपल्या गाडीवाटांवरील धुळींत गारगोटीचे कठीण कण असतात. ते आंत शिरल्यास सिलिंडर व कड्या झिजून एंजिन उघडण्याची पाळी येते, आणि तो खर्च पेट्रोलच्या कोणत्याही बचतीहून भारी पडतो.

चक्री बसविल्यावर फरक पडल्याचें कोणी शपथेवर सांगतो. पण पैसे मोजलेला मनुष्य त्यानंतर गाडी जपून हांकतो; बचत होते ती त्या हांकण्याची. ज्यांस खात्री करावयाची असेल त्यांनीं एकाच पंपावर टांकी कांठोकांठ भरून किलोमीटरचा आंकडा वहींत टिपावा. तोच रस्ता, तितकाच भार व तोच हांकणारा ठेवून दोन टांक्या चक्रीविना, दोन चक्रीसह व पुनः दोन चक्रीविना चालवाव्या. तिन्ही सरासऱ्या शेजारीं मांडल्या म्हणजे निवाडा आपोआप होतो.

तूर्त चक्रीस लागणारा पैसा कारखान्याच्या मापाची नवी गाळणी घेण्यास व टायरांतील हवा नियमानें तपासण्यास लावावा, हेंच श्रेयस्कर.