सोबतिणीची नजर

एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांनी २०२२ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर, पन्नाशीपुढील स्त्रियांसह अरुणाचल प्रदेशापासून लडाखपर्यंत सुमारे पाच महिन्यांची हिमालय मोहीम केली.

अशा वाटेवर मैत्री मनाला उभारी देते, तशीच प्राणही वाचवते. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवा बाधली, की डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना उडते. आजार मेंदूपर्यंत पोचला, तर तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. पण हे स्वतःच्या ध्यानात येतेच असे नाही. ते प्रथम ओळखते शेजारून चालणारी सोबतीण. अशा वेळी तातडीने खाली उतरवणे हाच मुख्य उपचार.

वाचकहो, आपला रोजचा रस्ता सपाट असला, तरी ही गरज तीच आहे. चाल मंदावली, जेवण घटले, तर ते टिपणारी मैत्रीण आपल्याला आहे का? बोलण्यात अचानक गोंधळ दिसल्यास डॉक्टरांकडे नेण्यास विलंब नको. घरातील रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींनी तर रोज थोडा वेळ काढून कुणासोबत तरी चालावे. इतरांकडे लक्ष देणाऱ्या स्त्रीकडेही कुणाचे तरी लक्ष हवे.