प्रोटॉन कोणाकडे जाणार?

‘आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी’ हे वाक्य विद्यार्थी झोपेतही म्हणतात. सेंद्रिय आम्लांपाशी मात्र ते अपुरे पडते. ॲसेटिक आम्ल व अमोनिया यांच्यापासून अमोनियम ॲसेटेट बनते; पाणी बनतच नाही. म्हणून वर्गात प्रश्न वेगळा विचारावा : प्रोटॉन कोण देतो आणि कोण धरून ठेवतो?

उत्तर पीकेए या आकड्यात आहे. आकडा जितका लहान, तितके आम्ल तीव्र. अभिक्रिया सौम्य आम्ल तयार होण्याच्या बाजूला झुकते. एकाचा फरक असेल तर समतोल-स्थिरांक दहापट बदलतो.

खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल मिळते. त्याचा पीकेए 6.35. याहून तीव्र आम्ल खाण्याच्या सोड्यातून हा वायू हुसकून लावते. सौम्य आम्लाला ते जमत नाही.

ॲस्पिरिन (सुमारे 3.5) आणि पॅरासिटामॉल (सुमारे 9.5) यांच्या गोळ्या कुटून सोड्याच्या द्रावणात टाका. मुलांकडून भाकीत आधी लिहून घ्या. ॲस्पिरिनचा कार्बोक्सिल गट प्रोटॉन देतो. सोडियमचा क्षार, पाणी आणि बुडबुडे मिळतात. पॅरासिटामॉलचा फिनॉल गट ढिम्म राहतो. (साध्या पाण्यातही फसफसणारी ॲस्पिरिनची गोळी घेऊ नका, तिच्यात कार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल आधीच घातलेले असते!)

लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे प्रोटॉन तीन : 3.13, 4.76 आणि 6.40. पहिले दोन सहज जातात. तिसरा जवळजवळ बरोबरीत अडतो. पण वायू भांड्यातून निसटत राहतो, त्यामुळे अभिक्रिया पुढेच सरकते. नुसते आकडे पाहून थांबू नये ते यासाठी.

आता उलट बाजू. धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी एथॅनॉलअमाइन ही सेंद्रिय आम्लारी वापरतात. प्रोटॉन घेतल्यावर तिचा पीकेए सुमारे 9.5 असतो, म्हणजे कार्बोनिक आम्लाचा प्रोटॉन ती घेणारच. प्रत्यक्षात अमाइनचा एक रेणू वायूशी जोडला जाऊन कार्बामेट बनतो आणि सुटलेला प्रोटॉन दुसरा रेणू घेतो. इथेही पाणी बनत नाही. द्रावण सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की वायू सुटतो व अमाइन पुन्हा वापरता येते. मात्र ही उष्णता बहुधा वीजकेंद्राच्याच वाफेतून घ्यावी लागते, आणि तेवढी वीज कमी होते.