रंगीत पानांचं नवं वाण

बाल्कनीत चार कुंड्या असल्या की त्यातली एक बहुधा कोलियसची असते. नाव ठाऊक नसलं तरी झाड ओळखीचं असतं. लाल, पिवळी, जांभळी, चॉकलेटी पानं आणि कडेला हिरवी किनार. शेजारच्या काकूंकडून एक फांदी आणावी, पाण्याच्या पेल्यात ठेवावी, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. इतकं सोपं म्हणूनच आपण या झाडाला फारसा मान देत नाही.

कोलियस आपल्या तुळशीच्या कुळातला. खोड बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. ज्याच्या पानांची भजी करतो तो पानओवा आणि लोणच्याचा माईनमुळा हे तर त्याचे चुलतभाऊच. मूळचा हा आग्नेय आशियाकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो जावाहून युरोपात गेला आणि तिथल्या लोकांना त्याचं अक्षरशः वेड लागलं. लंडनजवळच्या चिझिक इथल्या बागेत तयार झालेल्या संकरित कोलियसांचा १८६८ साली चक्क लिलाव झाला. गिनी मोजून लोकांनी पानं विकत घेतली! शास्त्रज्ञांनी मधल्या काळात त्याचं नाव सोलेनोस्टेमॉन केलं, मग प्लेक्ट्रँथस केलं, आणि २०१९ साली पुन्हा कोलियसवर आणून सोडलं. माळ्यांनी ते बदललंच नव्हतं.

आता या झाडाचं नवं वाण कसं निघतं ते पाहू. फांदी लावली तर मूळ झाडाचीच नक्कल मिळते, नवं काही निघत नाही. नवेपणा हवा तर बी हवं. आणि इथेच गंमत आहे. कोलियस लावणारा माणूस तुरा दिसला की खुडतो, कारण फुलं आली की झाडाचा जोर तुऱ्यात आणि बियांत जातो, पानं लहान होतात, खोड उंच आणि उघडंबोडकं दिसू लागतं. म्हणजे चांगला कोलियस तो, जो फुलतच नाही किंवा फार उशिरा फुलतो. पण नवं वाण काढणाऱ्याला तर फुलंच लागतात! न फुलणाऱ्या झाडाकडून त्याला फूल मिळवायचं असतं.

दिवस लहान होऊ लागले की पुष्कळ जातींना निळसर जांभळे तुरे येतात. फूल एवढंसं, दोन ओठांचं. खालचा ओठ होडीसारखा, त्यात पुंकेसर आणि कुक्षीचा दांडा टेकलेला. मधमाशी बसली की ओठ खाली वाकतो आणि परागकण तिच्या पोटाला लागतात. आपल्याला हा संकर हातानं करायचा तर न उमललेली कळी घ्यावी, बारीक चिमट्यानं परागकोश काढून टाकावेत, वर मलमलीची पिशवी बांधावी. कुक्षीची दोन टोकं वेगळी झाली की दुसऱ्या झाडाचे पराग तिला लावावेत आणि त्या तुऱ्याला रंगीत दोरा बांधावा. दोरा विसरलात तर आई कोण, बाप कोण, काही कळायचं नाही. चिकाटीचं काम आहे, शिवाय एका फुलातून जास्तीत जास्त चारच बिया मिळतात. म्हणून पुष्कळजण निवडक झाडं शेजारी-शेजारी ठेवून काम मधमाशांवरच सोपवतात. आई ठाऊक असते, बापाचा अंदाज बांधायचा.

बी खसखशीहून बारीक, एका ग्रॅममध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीनं झाकू नये, ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरावं. दहा-बारा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. पहिली पानं साधीच असतात. खरा रंग दुसऱ्या-तिसऱ्या जोडीपासून उमटतो, आणि तेव्हा रोज सकाळी वाफ्याकडे धाव घ्यावीशी वाटते.

एकाच आईच्या बियांतून इतके निराळे चेहरे का निघतात? पानातला हिरवा रंग हरितद्रव्याचा, लाल-जांभळा अँथोसायनिनचा. हरितद्रव्य जिथे कमी तिथे पिवळं किंवा पांढुरकं दिसतं. हे रंग पानावर कुठे, किती पसरायचे हे ठरवणारी जनुकं वेगवेगळी. त्यात बागेतल्या कोलियसमध्ये सहसा ४८ गुणसूत्रं, चार संचांत असतात. आपल्यासारखे दोन संच असते तर हिशोब सोपा होता. चार संचांमुळे एखादा गुण पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो आणि अवचित वर येतो. पुन्हा तसाच जुळून येईल याची खात्री नाही.

हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो. एका हिवाळ्यात साठेक रोपं केली होती. त्यातलं एक असं निघालं की येणारा-जाणारा थांबून बघे. जवळजवळ काळपट तांबडं पान आणि शिरांवर लिंबाच्या रंगाची नागमोडी रेघ. कुंडीत वाढू दे म्हणून मी त्याची एकही फांदी तोडली नाही. जूनच्या पहिल्या पावसात कुंडी पागोळ्यांखाली राहिली आणि चार दिवसांत खोड बुडातून कुजलं. आई एवढंच म्हणाली, ‘‘आधी दोन फांद्या का नाही लावल्यास?’’ त्याच आईझाडाच्या उरलेल्या बिया मी पुढे दोन वर्षं पेरल्या. शंभरावर रोपं झाली, पण तशी रेघ एकावरही नव्हती.

मोठ्या प्रमाणावर हे काम कसं चालतं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात दिसतं. डेव्हिड क्लार्क आणि त्यांचे सहकारी २००० नंतरच्या वर्षांत तिथे कोलियसच्या मागे लागले. रंगाची निवड ही तिथे पहिली चाळणी. मग निवडलेली रोपं फ्लोरिडाच्या कडक उन्हात उघड्यावर लावतात. जुने कोलियस सावलीचे, उन्हात त्यांचा रंग विटतो, कडा करपतात. जे तग धरतं, आपणहून फांद्या फोडतं आणि उशिरा फुलतं, तेच पुढे जातं. बाकी सगळं कंपोस्टमध्ये. ‘रेडहेड’ नावाचं लालभडक वाण याच चाळणीतून बाहेर आलं.

कधी बी न पेरताही नवा रंग मिळतो. जुन्या झाडाची एखादीच फांदी निराळ्या रंगाची निघते. शेंड्यातल्या पेशींच्या एखाद्या थरात बदल झालेला असतो. ती फांदी तोडून लावली तर रंग बहुधा टिकतो, पण तिच्या बियांतून तो उतरेलच असं नाही. तिच्यातूनही कधी मूळ रंगाचा फुटवा निघतो, तो लगेच खुडावा, नाहीतर तोच जोर धरतो.

सलग चार-पाच वेळा फांद्या लावून प्रत्येक वेळी पान जसंच्या तसं आलं, तरच वाण स्थिर झालं म्हणायचं. भारतात २००१ च्या कायद्यानुसार वाणाची नोंदणी करताना ते नवं, वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे का, हेच तपासतात.

तेव्हा या थंडीत कुंडीतला एखादा तुरा खुडू नका. तो तपकिरी झाला की कागदावर हलकेच झाडा. जी काळसर धूळ पडेल ती फुंकर मारून उडवू नका, तेच बी असतं.