मैदान आणि वर्ग : पगार एक, जागा किती?

गेल्या महिन्यात अस्तराचे कापड घ्यायला एक शिंपी बांधव दुकानात आले. मुलगा बी.ए. झालेला, कबड्डी चांगली खेळतो. "सेठ, याला खेळाच्या लाइनीत घालू की एम.ए. करू देऊ? कॉलेजात पगार कोणाला जास्त?" असा त्यांचा सवाल. हाच प्रश्न अनेक कारागीर घरांत आहे, म्हणून चौकशी करून हिशोब मांडतो.

आधी पगार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले. त्यात सहायक प्राध्यापक आणि महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक, दोघांचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. विद्यापीठात प्राध्यापक आणि क्रीडा संचालक, दोघांचे १,४४,२०० रुपये. भत्ते वेगळे. म्हणजे दर अगदी सारखा.

अमेरिकेत मात्र उलट आहे. तेथे जॉर्जिया विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक किर्बी स्मार्ट यांचा २०२४ मधील करार वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरचा झाला. शिकवणारा प्राध्यापक त्याच्या जवळपासही जात नाही. कारण तेथे सामन्यांवर तिकीट, दूरदर्शनचे हक्क आणि देणग्या यांचा मोठा गल्ला जमतो. आपल्याकडे अनुदानित महाविद्यालयात पगार शासन देते, तोही पद पाहून. गल्ला नाही, म्हणून फरकही नाही.

खरा फरक जागांचा आहे. महाविद्यालयात विषय अनेक, म्हणून शिक्षक अनेक. मैदानाला मात्र माणूस एकच. २०१८ साली शासनाने राज्यात भरतीस मान्यता दिली, तेव्हा सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा होत्या आणि शारीरिक शिक्षण संचालकांच्या १३९. सव्वीसास एक! खेळाकडे उमेदवारही कमी असतात, हे खरे. पण आपल्या हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतात; एका महाविद्यालयातील ती एकच जागा भरली, की निवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागते. कापडाचा भाव तोच, ठाण मात्र एकच.

अटीही पाहा. दोघांनाही पदव्युत्तर परीक्षेत साधारण ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. पीएच.डी. असल्यास काही सूट आहे. मैदानाच्या उमेदवाराला त्याशिवाय स्पर्धांत खेळल्याचे पुरावे द्यावे लागतात आणि धावावेही लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १,८०० मीटर. प्राध्यापकाला कोणी पळवत नाही.

त्या बांधवांना एका मधल्या माणसाने सांगितले होते, "आता रक्कम भरा, पुढे खेळाच्या जागेवर घेऊ." त्यासाठी ते घरामागची जागा विकायला निघाले होते. मी म्हटले, भाई, जी जागा अजून रिकामीच नाही तिची किंमत कसली? शिवाय लाच देऊन मिळवलेल्या नोकरीत बरकत कुठून येणार?

मुलाला खेळाची आवड असेल तर बी.पी.एड., एम.पी.एड. जरूर करू द्या. आंतरविद्यापीठ स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवा, नेट-सेटचा अभ्यास आजच सुरू करा. तोवर हातातली कात्री सोडू देऊ नका. जागा निघेपर्यंत हलाल रोजी तीच देईल.