पाठीतली शेगडी

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही तंबू ठोकत होतो. ताईची सहा महिन्यांची लेक तिच्या छातीशी झोळीत, आणि चार वर्षांचा थोरला तंबूच्या खुंट्या सांभाळत उभा. शेळ्या घेऊन वाडीकडे निघालेल्या एक आजी आमच्यापाशी थांबल्या. त्यांनी आधी बाळाकडे पाहिलं, मग आम्ही झाडून साफ केलेल्या जमिनीकडे. "नुसत्या भुईवर नका निजवू लेकराला. भुई ऊब खाती," त्या म्हणाल्या, आणि नातवाला हाक मारून त्यांनी भाताच्या पेंढ्याचे दोन भारे मागवले.

भुई ऊब खाती. उष्णतेचं वहन मी कॉलेजात समीकरणं मांडून शिकले होते, ते आजींनी तीन शब्दांत सांगितलं. थंडी हवेतून येते असं वाटून आपण वरून पांघरुणांवर पांघरुणं घालतो. पण निजलेल्या अंगाची बरीच ऊब खालून जाते, कारण हवेपेक्षा माती उष्णता कितीतरी जास्त वेगाने ओढून घेते. गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे, आणि आपण अंगाखाली घेतली की ती हवाच आपल्या वजनाने दबून निघून जाते. पेंढ्याची काडी मात्र आतून पोकळ आणि ताठ असते. ती सहजी चपटी होत नाही, आपली हवा धरून ठेवते. आम्ही पेंढा पसरला, त्यावर तंबूचा तळ आला आणि आत घट्ट चटया. फुगवायची गादी आम्ही मुद्दाम नेलीच नव्हती. तान्हं बाळ अशा मऊ गादीत रुततं आणि त्याचं नाक दबू शकतं.

हे सगळं बाळासाठी इतकं महत्त्वाचं का? सहा महिन्यांच्या बाळाला वजनाच्या मानाने आपल्या जवळपास दुप्पट कातडी असते. म्हणजे ऊब तयार करणारं अंग लहान आणि ती बाहेर सोडणारा पृष्ठभाग मोठा. त्यात डोकं मोठं. आपल्या अंगाच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटा दहाव्या हिश्शाहूनही कमी, बाळाचा जवळपास पाचवा हिस्सा. शिवाय आपण गारठलो की कुडकुडतो. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी केलेली ऊबच. नवजात बाळ मात्र जवळपास कुडकुडतच नाही. ते कसब नंतर हळूहळू येतं.

मग बाळ तग धरतं कशावर? ही गोष्ट मला कळली त्या दिवसापासून प्रत्येक तान्ह्या बाळाच्या पाठीकडे मी वेगळ्या नजरेने बघते. दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ बाळाच्या अंगात एक निराळी चरबी असते. ती पिवळट नसते, तपकिरी असते. स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेसनर याने १५५१ मध्ये मार्मोट या प्राण्यात तिचं वर्णन केलं. ती त्याला धड चरबीही वाटली नाही आणि धड मांसही. मार्मोट हा खारीच्या कुळातला, डोंगरात बिळं करून हिवाळाभर झोपणारा जीव. गोठण्याच्या बेतात आलेलं त्याचं अंग पुन्हा जागं होतं ते याच चरबीच्या जोरावर. आल्प्सच्या बिळातल्या त्या प्राण्याची आणि आमच्या झोळीतल्या बाळाची शेगडी एकच!

ती पेटते कशी, हे सांगायला भंडारदऱ्याहून चांगली जागा मला सापडणार नाही. समोर प्रवरेवरचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. भिंतीमागे पाणी अडतं, उंचावरून सोडलं की चक्र फिरतं आणि वीज तयार होते. आपल्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात अक्षरशः असंच घडतं. अन्न जाळून मिळालेल्या शक्तीवर प्रोटॉन एका पातळ पडद्यापलीकडे ढकलले जातात, तिथे साठतात, आणि परत येताना एक सूक्ष्म चक्र फिरवतात. हो, खरोखर गोल फिरणारं चक्र! त्यातून पेशीला कामाची शक्ती मिळते. तपकिरी चरबीतल्या धरणाला मात्र आणखी एक दार असतं. यूसीपी-१ नावाच्या प्रथिनाचं. कातडीला गारवा लागला की मेंदू मज्जातंतूंमार्फत निरोप धाडतो आणि ते दार उघडतं. प्रोटॉन चक्राला वळसा घालून थेट खाली कोसळतात आणि साठलेली सगळी शक्ती उष्णता होऊन जाते. या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात, आणि त्यांच्यातल्या लोहामुळेच ही चरबी तपकिरी दिसते. स्नायूचा एक धागाही हलत नाही. बाळ शांत पडलेलं असतं आणि आत सगळे दरवाजे उघडून धरण वाहत असतं.

ताईने संध्याकाळी बाळाला कुंची घातली होती, आमच्या आजीने शिवलेली. डोकं झाकून मानेवरून पाठीवर उतरणारी ती कुंची मी लहानपणापासून बघत आले, पण तिच्या आकाराकडे नीट पाहिलं ते त्या दिवशी. ऊब जिथून सर्वांत जास्त निसटते ते डोकं आणि ऊब जिथे तयार होते ती फऱ्यांमधली जागा, दोन्हींवर एकच कापड. शिवणाऱ्या बायकांना मायटोकॉन्ड्रिया ठाऊक नव्हते. त्यांना बाळाची पाठ ठाऊक होती. निजवताना मात्र ताईने कुंची काढली. झोपेत ती तोंडावर सरकू शकते, आणि मोकळ्या दुलईचंही तसंच. त्याऐवजी तिने अंगाबरोबर राहणारे कपड्यांचे थर घातले.

थोरला आठ वाजताच गाढ झोपला. घरी अकराशिवाय त्याचा डोळा मिटत नाही. याचंही कारण सुंदर आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या केनेथ राइट यांच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ प्रौढ माणसं आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहिली. उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन त्यांच्या अंगात सुमारे दोन तास आधी पाझरू लागलं. मुलांचे डोळे तर उजेडाला आणखी हळवे. त्याच विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना निजण्याआधी तासभर प्रखर उजेडात ठेवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन ८८ टक्क्यांनी घटलं. त्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि भिंगं नितळ, त्यामुळे उजेड आत धावतो. घरातले दिवे थोरल्याला रोज जागं ठेवत होते, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

पहाटे तीनला बाळ दुधासाठी जागं झालं. शेगडीला इंधन हवंच. त्या हालचालीने थोरलाही उठला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "मावशी, तंबू रडतोय." कापडाच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब होते. निरभ्र रात्री प्रत्येक वस्तू आपली ऊब आकाशाकडे सोडत असते आणि आकाशातून फारच थोडी परत येते. तंबूचं पातळ कापड त्यामुळे भोवतालच्या हवेहूनही गार होतं. त्यावर आमच्या सगळ्यांचे श्वास जमत होते. मी त्याला सांगितलं, हा एक थेंब तुझा, हा बाळाचा. तो बराच वेळ आपला थेंब शोधत राहिला.

असे थेंब दिसले की झरोके बंद करून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवावीशी वाटते. ते कधीही करू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेली माणसं झोपेतच जातात. आम्ही झरोका उघडाच ठेवला आणि बाळाच्या मानेमागे बोटं ठेवून पाहिलं. हातपाय गार लागले तर घाबरायचं नसतं. थंडीत अंग रक्त आत ओढून घेतं. खरी खबर मान देते. ती गार लागली तर एक थर वाढवायचा, घामेजली तर एक कमी करायचा, कारण फार उकडणंही तान्ह्या बाळाला तितकंच धोक्याचं.

उजाडलं तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि रतनगडाच्या माथ्यावर ऊन आलं होतं. ताई बाळाला घेऊन बाहेर बसली. आजी शेळ्या घेऊन परत त्याच वाटेने आल्या, काही न विचारता वाकल्या आणि त्यांनी आपली खरबरीत बोटं बाळाच्या मानेमागे सरकवली. क्षणभर तशीच ठेवली.

"ऊन हाय," म्हणाल्या, आणि शेळ्यांमागे गेल्या.